आगमनकाळाचे चक्र घरच्या कापडाचे

नोव्हेंबर महिना सरत आला की आपल्या चर्चमध्ये वेदीच्या शेजारी चार मेणबत्त्या लावलेले हिरवे वर्तुळ दिसू लागते. इंग्रजीत त्यास अ‍ॅडव्हेंट रीथ म्हणतात. मराठीत त्यासाठी सर्वमान्य असा शब्द अद्याप रूढ झालेला नाही. काही जण ‘पुष्पचक्र’ म्हणतात, परंतु तो शब्द आपल्याकडे हुतात्म्यांच्या स्मारकाशी आणि अंत्ययात्रेशी इतका जोडला गेला आहे की, प्रभूच्या आगमनाच्या प्रतीक्षेस तो शोभत नाही. या लेखात आपण ‘आगमनचक्र’ असा साधा शब्द वापरू.

लेखाचे निमित्त वागळे इस्टेटमधील एका वस्तीत झालेल्या प्रार्थनासभेचे आहे. लहान ख्रिस्ती समूहाच्या त्या सभेत आगमनकाळाच्या तयारीविषयी बोलणे चालले होते. प्रत्येक घराने आपले आगमनचक्र आपल्या हातांनी, घरातल्या जुन्या कापडातून करावे, अशी सूचना मी केली. सभा संपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. त्यांच्या हातात घडी घातलेले नऊवारी लुगडे होते. त्या म्हणाल्या, ‘‘फादर, सासूबाईंचं आहे. यंदाच गेल्या त्या. चक्र करायचं तर याचंच करावं असं वाटतं, पण कापायला हात धजत नाही. आणि गेलेल्या माणसाचं कापड नाताळाच्या कामाला घ्यावं का, असंही शेजारणी म्हणतात.’’

दोन्ही प्रश्न खरे होते. दुसऱ्याचे उत्तर मी तेथेच दिले: ख्रिस्तसभेच्या शिकवणीत मृताच्या वस्त्रास विटाळ नाही. आगमनकाळ हा तर प्रभूच्या दुसऱ्या आगमनाची आणि मृतांच्या पुनरुत्थानाची आठवण करण्याचाही काळ आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्या सायंकाळी सुचले नाही. ते त्याच सभेतील एका वृद्ध आजींनी दिले. त्यांनी लुगडे हातात घेतले, पीळ दिला, वेटोळे केले आणि म्हणाल्या, ‘‘चुंबळ कर की गं, कापतेस कशाला?’’

गावी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या स्त्रिया हंडा डोक्यावर नीट बसावा म्हणून जुन्या लुगड्याचे वर्तुळाकार वेटोळे करीत, ती चुंबळ. वागळे इस्टेट, किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या भागांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या मागच्या पिढ्या मराठवाडा, अहिल्यानगर जिल्हा, कोकण किंवा वसईकडून आलेल्या आहेत. त्यांच्या आज्यांना चुंबळ शिकवावी लागत नाही. आगमनचक्राचा सांगाडा म्हणजे एक मोठी चुंबळच होय. नगास नग न कापता ती होते आणि सण संपल्यावर सोडली की लुगडे पुन्हा लुगडे राहते.

कृतीकडे वळण्यापूर्वी या चक्राचा उगम सांगणे आवश्यक वाटते, कारण तो पुष्कळांना ठाऊक नाही आणि वागळे इस्टेटसारख्या कामगार वसाहतीस तो विशेष जवळचा आहे. जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विचेर्न या ल्युथेरन धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार व गरीब मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था सुरू केली. त्या काळी कारखानदारी वाढत होती आणि शहराच्या गलिच्छ वस्त्यांमध्ये मुले वाऱ्यावर सोडल्यासारखी वाढत होती. डिसेंबर आला की ही मुले रोज विचारीत, ‘नाताळ आला का?’ त्या प्रश्नाला उत्तर म्हणून विचेर्न यांनी १८३९ साली गाडीचे एक लाकडी चाक टांगले व त्यावर मेणबत्त्या बसविल्या. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबर रोजी आला होता. म्हणून नाताळच्या पूर्वदिनापर्यंतच्या चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि उरलेल्या वीस दिवसांसाठी वीस लहान तांबड्या मेणबत्त्या होत्या. रोज एक पेटवायची. मुले त्यावरून मोजायला शिकत, असेही सांगतात. पुढे चाकाभोवती फरच्या हिरव्या डहाळ्या गुंडाळण्याची चाल पडली आणि घरोघर परवडावे म्हणून मेणबत्त्यांची संख्या चारावर आली.

कॅथलिक चर्चमध्ये ही प्रथा उशिरा आली. १९२५ साली कोलोन शहरातील एका कॅथलिक चर्चमध्ये असे चक्र टांगल्याची नोंद सापडते. म्हणजे ज्या वस्तूस आपण प्राचीन कॅथलिक परंपरा समजतो ती आपल्या प्रोटेस्टंट बांधवांकडून आलेली, शंभर वर्षांच्या आसपासची देणगी आहे. हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही, उलट आनंदच वाटतो. २००१ साली परमधर्मपीठाच्या उपासना विभागाने लोकभक्ती आणि उपासना यांविषयी जे मार्गदर्शक प्रसिद्ध केले, त्यात आगमनचक्राचा आदराने उल्लेख आहे. रविवारामागून रविवार वाढत जाणारा हा प्रकाश ख्रिस्तापूर्वीच्या तारण-इतिहासाचे टप्पे दाखवितो, असा त्याचा आशय आहे. अर्थात हे चक्र उपासनाविधीचा अनिवार्य भाग नाही. ते नसले तरी आगमनकाळात काही न्यून राहत नाही. ते भक्तीचे साधन आहे, आणि साधन हाताने घडविलेले असले तर अधिक बरे.

आता फरच्या डहाळ्यांविषयी. युरोपच्या हिवाळ्यात इतर झाडे निष्पर्ण होतात तेव्हा फर हिरवा राहतो, म्हणून तो न संपणाऱ्या जीवनाचे चिन्ह ठरला. ठाण्यात डिसेंबरमध्ये झाडे उघडी पडत नाहीत आणि येथे फर उगवतही नाही. मग आपण काय करतो? जांभळी नाक्याच्या बाजारातून प्लास्टिकचा फर विकत आणतो. दोन-तीन वर्षांत त्याची पाने झडतात आणि तो कचऱ्यात जातो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीस बंदी आहे, तरी चक्राच्या तळाशी अजूनही कोठे कोठे थर्माकोलचे वर्तुळ आढळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी जे बजावले, ते आपण प्रवचनात ऐकतो आणि दहा पावलांवर वेदीशेजारी प्लास्टिक मांडतो. कापडाचे चक्र या विसंगतीवर एक साधा उपाय आहे. आंब्याच्या पानांचे चक्रही सुरेख दिसते, आमच्या दारावर तोरण तेच असते, परंतु ती पाने चार आठवडे टिकत नाहीत आणि वाळलेल्या पानांजवळ मेणबत्ती ठेवणे धोक्याचे आहे.

धोक्याचा मुद्दा कापडालाही लागू आहे, किंबहुना अधिकच. म्हणून चक्र करायला घेण्याआधी कापड पारखून घ्यावे. कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा व पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि त्याची राख बोटाने चुरडता येते. पॉलिस्टर वितळतो, आकसतो आणि त्याची काळी, कडक गोळी बनते. हे वितळलेले पॉलिस्टर अंगावर पडले तर कातडीला चिकटते. म्हणून सॅटिन, जरीचे नायलॉन आणि चमकत्या झालरी या कामासाठी पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. सुती कापडही पेट घेते, हे विसरू नये. फक्त ते विझविणे तुलनेने सोपे असते.

सांगाड्यासाठी जुने सुती लुगडे किंवा पातळ घ्यावे. ते थोडे ओले करून दोघांनी दोन टोके धरावीत आणि विरुद्ध दिशांना पीळ द्यावा. हे काम एकट्याचे नव्हे. पती-पत्नी, आजी-नात, कोणी तरी दुसरे हवेच. पीळ घट्ट बसला की कापडाची लांबी सुमारे एक पंचमांशाने कमी होते. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या जवळपास असते, त्यातून साडेसहा मीटरचा पीळ मिळतो. साडेपाच मीटरच्या साडीतून साडेचार मीटरच्या आसपास. आता हा पीळ वेटोळ्यासारखा गुंडाळावा. वर्तुळाचा व्यास मध्यरेषेवर पस्तीस सेंटिमीटर धरला तर एका वेढ्यास एकशे दहा सेंटिमीटर लागतात, म्हणजे साडीचे चार वेढे बसतात आणि लुगड्याचे जवळजवळ सहा. वेढे एकमेकांवर न रचता दोरीच्या जुडीसारखे एकत्र धरावेत. शेवटचे टोक आत खोचावे. नंतर काथ्याची किंवा तागाची सुतळी संपूर्ण वर्तुळाभोवती तिरकी गुंडाळत न्यावी, दोन वेढ्यांत दोन बोटांचे अंतर राहील अशी. ज्यांना लुगडे पुन्हा सोडायचे आहे त्यांनी सुई लावू नये, सुतळीच पुरेशी आहे. ज्यांना चक्र कायम ठेवायचे आहे त्यांनी दाभणाने गोधडीच्या दोऱ्याचे चार-सहा ठिकाणी भक्कम टाके घालावेत. ओले वर्तुळ एक दिवस उन्हात ठेवले की पीळ तसाच राहतो आणि आकार बसतो.

हिरवळीसाठी पट्ट्या लागतात. शिंप्यांकडे ब्लाऊजचे अस्तर लावून उरलेली कतरणे असतात. वागळे इस्टेटच्या वस्त्यांमध्ये घरी शिलाई मशीन चालविणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, त्यांच्या पिशव्यांतून चार दिवसांत पुरेसे कापड जमते. ते सुती आहे ना, हे वरील रीतीने पाहून घ्यावे. विकत घ्यायचेच असेल तर सुती अस्तराचे कापड सर्वांत स्वस्त आणि ते हव्या त्या छटेत मिळते. एक मीटर कापडातून एक इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा सुमारे अडीचशे पट्ट्या निघतात. तेवढ्या या वर्तुळास पुरतात. एकच हिरवा रंग घेऊ नये. पोपटी, शेवाळी, गडद, विटका असे तीन-चार हिरवे मिसळले म्हणजे चक्रास झाडाचे रूप येते. पट्ट्या तिरक्या कापल्या तर दशा कमी सुटतात. कापल्यावर त्या भाताच्या पेजेत बुडवून, पिळून, सावलीत वाळवाव्यात. खळ बसली की पट्टी पानासारखी ताठ उभी राहते. प्रत्येक पट्टी सुतळीखालून ओढून घेऊन एक गाठ मारावी, दोन्ही टोके बाहेर राहतील अशी. दोन टोके म्हणजे दोन पाने. आतल्या बाजूस, म्हणजे मेणबत्त्यांकडील कडेस, पट्ट्या बांधू नयेत, किंवा बांधल्याच तर अगदी आखूड कापाव्यात.

अडीचशे गाठी एका बैठकीत होत नाहीत. तशा त्या करूही नयेत. पहिल्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात रोज सायंकाळच्या प्रार्थनेनंतर तीस-चाळीस गाठी, असे केल्यास शनिवारपर्यंत चक्र तयार होते. एका घरात असे ठरले की प्रत्येक गाठीबरोबर एका माणसाचे नाव घ्यायचे. मुलांना वीस नावांपुढे नावे आठवेनात, तेव्हा त्यांनी बसचे चालक, दूधवाले, शाळेच्या फाटकावरील शिपाई आणि शेवटी ज्याच्याशी भांडण झाले होते तो वर्गमित्र, अशी सर्वांची नावे घेतली. गाठी मोजायला बसलेल्या त्यांच्या वडिलांनी मला हे सांगितले.

मेणबत्त्या कापडात रोवायच्या नाहीत, हे मी पुन्हा सांगतो. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे एके वर्षी सॅटिन गुंडाळलेल्या चक्रात मेणबत्त्या खोचल्या होत्या. मिस्सानंतर एक विझवायची राहिली. सुदैवाने वेदीसेवक मुलगा आपली चप्पल शोधत परत आला आणि त्याला धूर दिसला. वेदीवरील वस्त्राची कड काळी पडण्यावर भागले. चूक माझीच होती, कारण शेवटी दिवे मी पाहायचे असतात. तेव्हापासून माझा नियम असा आहे: चक्राच्या मधोमध पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे स्टीलचे ताट ठेवावे, त्यात दोन बोटे वाळू भरावी, आणि जाड काचेचे चार पेले एकमेकांना खेटून मध्यभागी वाळूत बसवावेत. पेल्यांत तळाशी वाळू घालून आखूड, जाड मेणबत्त्या उभ्या कराव्यात. म्हणजे ज्योत आणि कापड यांत सुमारे दहा सेंटिमीटरचे अंतर राहते आणि मेणबत्ती कलंडली तरी पेल्यातच राहते. शेजारी पाण्याचा तांब्या. पंखा बंद. प्रार्थना संपली की ज्योत लगेच विझवावी. ती रात्रभर तेवत ठेवण्यात भक्ती नाही. दहा बाय दहाच्या खोलीत गॅसचा सिलिंडर आणि गादी हाताच्या अंतरावर असतात, याचा विचार आपण केला नाही तर कोण करणार?

ज्या घरात लहान मूल रांगते किंवा आजारी माणसास प्राणवायू लावलेला आहे, तेथे खरी ज्योत लावूच नये. त्यांच्यासाठी मेणबत्त्याही कापडाच्या कराव्यात. जांभळ्या कापडाच्या तीन आणि फिक्या गुलाबी कापडाची एक, अशा चार सुरळ्या शिवून त्यांत कापूस भरावा व त्या चक्रावरच उभ्या टाचाव्यात. पिवळ्या कापडाच्या चार ज्योती वेगळ्या शिवून त्यांना काज करावे आणि सुरळीच्या टोकास बटण लावावे. दर रविवारी घरातील सर्वांत लहान व्यक्तीने एक ज्योत बटणात अडकवायची. विजेवर चालणाऱ्या मेणबत्तीपेक्षा मला हे अधिक आवडते. ती कळ दाबली की लागते आणि मूल दोन दिवसांत तिला विटते.

रंगांविषयी थोडे. जांभळा हा आगमनकाळाचा उपासनारंग, म्हणजे पिकलेल्या जांभळाचा गडद रंग. निळसर किंवा राणी नव्हे. तिसऱ्या रविवारी, ज्यास लॅटिनमध्ये ‘गौदेते’ म्हणजे ‘आनंद करा’ असे नाव आहे, गुलाबी पोशाख वापरण्याची मुभा आहे. त्यावरून तिसरी मेणबत्ती गुलाबी झाली. चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावे देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोयीची आहे, परंतु ख्रिस्तसभेने तशी नावे ठरवून दिलेली नाहीत. मला विचाराल तर रविवारच्या शुभवर्तमानाकडे पाहावे: पहिल्या रविवारी जागे राहण्याची सूचना, दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, आणि चौथ्या रविवारी उपासनावर्षानुसार कधी योसेफ, तर कधी मरिया. नाताळच्या रात्री मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती लावण्याची चाल अलीकडची असली तरी सुंदर आहे आणि घरात ती अवश्य पाळावी.

चक्र सजविताना हात आवरावा, अशी विनंती आहे. आगमनकाळात वेदीची पुष्परचनाही संयत असावी, नाताळचा पूर्ण आनंद आधीच उधळू नये, असे मिस्साविधीची सर्वसाधारण मार्गदर्शिका सांगते. घंटा, सांताक्लॉज, चकाकते गोळे हे सारे चक्रावर आले की प्रतीक्षा संपली आणि सण लागला, असा भास होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच वस्तीत कॅरलचे ढोल वाजू लागतात, ते मी थांबवू शकत नाही. चक्र तेवढे साधे राहू द्या. धर्मग्रामाचे चक्र वेदीवर न ठेवता बाजूस, वाचनपीठाजवळ किंवा प्रवेशाशी ठेवावे.

आशीर्वादासाठी पहिल्या रविवारचा मिस्सा किंवा त्याआधीचा शनिवार योग्य. अमेरिकेतील धर्मप्रांतांसाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादविधीच्या ग्रंथात आगमनचक्राचा स्वतंत्र विधी आहे. घरी आई किंवा वडील साध्या शब्दांत प्रार्थना म्हणू शकतात, धर्मगुरूची वाट पाहण्याची गरज नाही. पहिला रविवार म्हणजे संत आंद्रेया यांच्या सणाला, ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्यामुळे चौथ्या मेणबत्तीचे आयुष्य दर वर्षी सारखे नसते. २०२२ साली नाताळ रविवारी आला, म्हणून चौथा आठवडा पुरा सात दिवसांचा होता; २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच होता आणि त्याच रात्री नाताळचा मिस्सा झाला. ठाणे-कल्याण पट्ट्यातील आपल्या सीरो-मलबार बांधवांच्या पंचांगात या काळाची रचना व नाव निराळे आहे. शेजारच्या घरात चक्र दिसले नाही तर ते भक्तीत उणे आहेत, असे मुलांनी समजू नये.

वागळे इस्टेटचे नाव घेतले की अजूनही जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर भोंगे आणि पाळ्या येतात. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी ही एक. त्या कारखान्यांपैकी कित्येक आता बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ज्या भगिनींपासून या लेखाचा आरंभ झाला, त्यांच्या सासूबाईंनी अशाच एका कारखान्याच्या फाटकाबाहेर कित्येक वर्षे डबे पोहोचविले. डब्यांची पाटी डोक्यावर असे आणि पाटीखाली चुंबळ. हे मला त्यांच्या मुलाने, लुगड्याला पीळ देताना, सांगितले. स्वतः त्याची नोकरी त्या वर्षी गेली होती. चक्राच्या मेणबत्त्या त्याने नव्या न आणता चर्चमधील उरलेल्या मेणाच्या तुकड्यांतून वितळवून केल्या आणि जांभळा रंग येण्यासाठी मुलीचे मेणाचे खडू त्यात घातले. रंग थोडा काळपट आला. (मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, थेट आचेवर नव्हे. खडूंमुळे वात कधी कधी गुदमरते, म्हणून एका मेणबत्तीस अर्ध्या खडूपेक्षा अधिक घालू नये.)

प्रभुप्रकटनाचा सण आणि त्यानंतरचा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की नाताळकाळ संपतो. चक्र त्याआधीच, नाताळच्या आठवड्यात, गोठ्याजवळ हलविले तरी चालते. आवरताना पट्ट्यांच्या गाठी सोडून त्या धुवाव्यात आणि कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांसह कापडी पिशवीत ठेवाव्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पेजेत बुडविल्या की त्या ताठ होतात. मेणाचे ओघळ पडले असतील तर कापडावर कोरा कागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावी, मेण कागदात उतरते. लुगड्याचा पीळ सोडून ते पाण्यात भिजवावे आणि दोरीवर वाळत घालावे. त्यावर सुतळीच्या खुणा दोन-तीन धुण्यांपर्यंत राहतात.